कटिंगच्या कागदावरचे स्क्रू

लॅपटॉप बंद पडला आणि माझी दुपार गेली.

आमच्या घरी दुपार म्हणजे जेवणानंतरचा तेवढाच वेळ. नवऱ्याला जेवू घालून, तोंड पुसून, गोळ्या देऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं की ते लॅपटॉपवर पत्त्यांचा खेळ लावत. एकट्याने खेळायचा, पानांवर पानं चढवायचा. डाव्या हाताने माउस सरकवत ते असे रमत की त्यांना माझी आठवण येत नसे. तेवढ्या वेळात मी शिलाई मशीनवर बसायची. उंद्रीतल्या आमच्या गल्लीचे बरेचसे ब्लाउज माझ्याकडे असतात, आणि ते शिवायला मला तेवढीच सवड. पण खरं सांगते, कधी कधी मी मशीनसमोर नुसतीच बसून राहायची. पाय पायट्यावर, हात कापडावर, डोकं रिकामं. कोणाला उठवायचं नाही, कोणाला वळवायचं नाही, कोणाच्या मनातलं ओळखायचं नाही. त्या रिकामेपणावर माझा उरलेला दिवस निघायचा.

मागच्याच्या मागल्या हिवाळ्यात ह्यांना लकवा मारला. त्याआधी ह्यांचा चिखलीत कॉम्प्युटरचा क्लास होता. शिकवायचे, आणि लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर, प्रिंटर दुरुस्तही करायचे. रोज सकाळी उंद्रीहून गाडीवर जायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला परत यायचे. दिवसभर बोलून बोलून घसा बसलेला असायचा, तरी जेवताना मुलीला आणि मला काहीतरी समजावून सांगत राहायचे. असा बोलका माणूस. लकव्याने उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळंच गेलं. एक शब्द तेवढा राहिला, 'परवा'. तोच का राहिला ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. भूक लागली की परवा, पंखा लावायचा की परवा, पाठीला खाज सुटली की परवा. आवाजाच्या चढउतारावरून आणि डोळ्यांवरून मी अर्थ लावायचा.

'हाव', म्हणजे हो, आणि 'नाही' हेही दोन शब्द होते, पण ते असून नसल्यासारखे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं की ह्यांना सगळं कळतं, फक्त मनात एक असतं आणि तोंडातून दुसरंच निघतं. हो म्हणायचं असलं तरी नाही निघू शकतं. तेव्हा शब्दावर जाऊ नका. मी मान डोलावली होती. पण दिवसभराच्या धबडग्यात माणूस 'हाव' ऐकतो आणि पुढे जातो. दर वेळी थांबून चेहरा वाचायला अंगात त्राण लागतं.

तर लॅपटॉप. आधी तो घरघरायला लागला. मग तापायला लागला, इतका की टेबलावरचं प्लॅस्टिक मऊ पडलं. मग सुरू केल्यावर थोड्याच वेळात आपोआप बंद व्हायचा, डाव रंगात आलेला असतानाच. हे माझ्याकडे बघून परवा, परवा म्हणत राहायचे. मी मशीनवरून उठायची, बटण दाबायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. शेवटी मी तो पिशवीत घातला, ह्यांना ऑटोत बसवलं आणि आम्ही चिखलीला गेलो. त्या दिवशी ह्यांचा व्यायाम करून घेणाऱ्याकडे जायचंच होतं, जाता जाता दुरुस्तीच्या दुकानात दाखवू असा विचार.

दुकानदार ह्यांच्याच क्लासात शिकलेला. तो ऑटोपाशी येऊन ह्यांच्या पाया पडला, खोटं कशाला बोलू. मग लॅपटॉप उलटासुलटा करून माझ्याकडे वळला आणि म्हणाला की हा फार जुना झाला, आता खोलण्यात अर्थ नाही, ठेवून जा, सवडीने पाहीन. मी म्हटलं, सरांना एकदा विचारून बघ, काय झालं असेल ते.

"सरांले काय इचारता काकू," तो म्हणाला. "त्याईले काय समजते आता."

हे त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. दुकानदाराच्या मनात वाईट काही नव्हतं, बहिऱ्या माणसासमोर बोलावं तसा तो बोलला इतकंच. ह्यांनी डावा हात बाहेर काढून लॅपटॉप धरला आणि छातीशी ओढून घेतला. त्याने सोडवायचा प्रयत्न केला तर परवा, परवा म्हणत घट्ट धरून बसले. ऑटोवाला मागे वळून बघत होता. मी म्हटलं, राहू दे रे. आम्ही निघालो. उंद्री येईपर्यंत ह्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

मुलीला फोन केला. ती पुण्याला असते. तिने सांगितलं की त्याला हात लावू नका, आणखी बिघडेल, मी नवा पाठवते, तोवर बाबांना मोबाइलवर खेळू द्या. मोबाइल देऊन पाहिला होता. एका हातात धरायचा आणि त्याच हाताने खेळायचं, ते जमत नव्हतं. उशीला टेकवून ठेवला तर पानं इतकी बारीक की ह्यांना दिसत नव्हती. पुढचे दोन-चार दिवस दुपारभर मला हाका सुरू झाल्या. ब्लाउजाची एक बाही मी दोनदा उलटी जोडली.

मग एका दुपारी हे स्वतःच माझ्या मशीनच्या खणाकडे बोट दाखवायला लागले. मी कात्री दिली, नको. टेप दिला, तो बाजूला ठेवला. शेवटी मशीनचा बारका पेचकस हातात दिला तेव्हा शांत झाले. लॅपटॉप उलटा करून त्यांनी तो पेचकस एका स्क्रूवर टेकवला. डाव्या हाताला जोर पुरेना. त्यांनी पेचकस माझ्यापुढे धरला.

मला नको होतं. सकाळचे कपडे धुवायचे होते, स्वयंपाकघर तसंच पडलं होतं, आणि घरात लाइट नव्हती. पण नाही म्हणायला जे बळ लागतं तेही माझ्याकडे नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

पहिला स्क्रू निघाला. मी तो ताटलीत टाकला. ह्यांनी ताटली ढकलली. मी डबी आणली, डबी ढकलली. पिनांची डबी, सुपारीचा अडकित्ता ठेवायचा खोका, काय काय आणलं, सगळं ढकललं. बोटाने टेबलावर चौकोन काढत होते, पुन्हा पुन्हा तोच, आणि परवा, परवा. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. मग त्यांनी चौकोनाच्या एका कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि लगेच लॅपटॉपच्या त्याच कोपऱ्यातल्या भोकावर टेकवलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. त्यांना लॅपटॉपचं चित्र हवं होतं.

ब्लाउज कापायचा खाकी कागद माझ्याकडे गुंडाळीने असतो. मी लॅपटॉप त्यावर ठेवला आणि खडूने कडेकडेने रेघ ओढली, पाठ किंवा पुढा बेतताना ओढते तशी. मग जिथला स्क्रू निघेल तिथेच तो कागदावर ठेवायचा. दवाखान्यातून आणलेली कागदी चिकटपट्टी घरात होतीच, सलाइनची सुई हातावर धरून ठेवायला लावतात ती. तिचे तुकडे करून मी एकेक स्क्रू चिकटवत गेले. काही लांब, काही तोकडे, एक-दोन तर तिळाएवढे. ह्यांनी मान हलवली. त्या मानेत समाधान आहे हे मला शब्दाशिवाय कळलं.

खालचे स्क्रू निघाल्यावर कीबोर्ड वर उचलायचा होता. ह्यांनी माझं बोट धरून कुठे दाबायचं ते दाखवलं. कीबोर्डाखाली चपटी पट्टी होती, बांगडीच्या डब्यावरच्या रिबिनीसारखी. मी ती ओढणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि नखाने एक बारीक काळी पट्टी वर करून दाखवली. ती वर केली की रिबीन आपोआप सुटते. त्यांचं नख बरोब्बर त्या जागी गेलं. इतके दिवस चमचा तोंडाशी नेताना थरथरणारा तोच हात.

कीबोर्डाखाली आणखी स्क्रू. ते मी दुसऱ्या कागदावर ठेवत गेले. चिकटवायचे होते, पण मध्येच ह्यांना संडासला जायचं झालं. आमच्याकडे ते काम सोपं नाही. खांद्याखाली हात घालून उठवायचं, डावा पाय पुढे, उजवा ओढत, दारात वळवायचं, बसवायचं, धरून उभं राहायचं, परत सगळं उलट. त्यातून आम्ही येत होतो आणि लाइट आली. छताचा पंखा मी बंद केलेला नव्हता. तो गरगर फिरला आणि दुसरा कागद टेबलावरून उडून खाली गेला.

स्क्रू फरशीवर पसरल्याचा आवाज मी दारातूनच ऐकला. ह्यांना धरलेलं होतं म्हणून खाली बसता येईना. आधी त्यांना खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, मग पंखा बंद करून गुडघ्यांवर आले. पिना उचलायचं लोहचुंबक माझ्याकडे आहे. ते फरशीवरून फिरवत गेले. पलंगाखाली, मशीनच्या पायट्याखाली, चिंध्यांच्या गाठोड्याखाली. माझ्या पिना आल्या, तुटलेल्या सुया आल्या, आणि स्क्रूही आले. सगळेच आले की नाही, कोण जाणे. आले ते मी टेबलावर ओतले. आता कोणता कुठला, काही खूण नव्हती.

मी म्हटलं, जाऊ द्या, आधी आतलं तर बघू. आतला पंखा वर आला. त्याच्या तोंडाशी पितळेच्या जाळीसारखं काही होतं आणि त्यावर पांढुरका जाड थर बसला होता. मी चिमटीत धरून ओढला तर सलग पट्टी निघाली, मऊ, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखी. धूळ होती, पण धुळीपेक्षा जास्त कापूस होता. शेजारी राहणाऱ्या दिराचा कापूस दिवाळीपासून आमच्या बाहेरच्या खोलीत भरलेला असतो. दार उघडलं की तंतू घरभर तरंगतात. डाळीत सापडतात, मशीनच्या तेलात सापडतात. ते या यंत्राच्या नाकातही गेले होते. ह्यांनी ती पट्टी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी रंगाचा जुना ब्रश आणून पंख्याची पाती झाडली. बोटाने फिरवला तर अलगद फिरला.

आता परत लावायचं. पंखा बसवला. मी ढिगातून एक स्क्रू उचलला, हाताशी आला तो, आणि पंख्याशेजारच्या भोकात धरून विचारलं, हाच का.

"हाव," हे म्हणाले. "हाव, हाव."

मी पेचकस फिरवायला लागले. ते जास्तच जोरात हाव, हाव म्हणायला लागले. मी म्हटलं, हो, लावतेच आहे. आणि त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातावर फटका मारला. पेचकस उडून भिंतीवर गेला.

लकव्यानंतर त्यांनी कधी माझ्यावर हात उचलला नव्हता. लकव्याआधीही नाही. हातापेक्षा मला दुसरीकडेच कुठेतरी लागलं.

"आधी हाव म्हणता आन मंग मारता," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी काय समजू? सांगा ना, मी काय काय समजू? मी थकून गेली हो आता."

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि धुण्याच्या दगडावर बसले. बादलीत सकाळचे कपडे भिजत होते. शेवग्याची पानं गळून बादलीत पडली होती. रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही. बसल्या बसल्या मी त्यांचा एक सदरा उचलून पिळला आणि पुन्हा बादलीत टाकला. कुणाच्या तरी घरी मिक्सर सुरू होता. मला वाटलं, इथून उठायलाच नको. कोणी येऊन म्हणावं, बाई, तू बस, पुढचं आम्ही बघतो. असं कोणी येणार नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं. आतून काहीही आवाज येत नव्हता. हाक नाही. फार वेळ हाक आली नाही की भीती वाटते, म्हणून मी उठले.

हे टेबलावर वाकून बसले होते. मघाशी बाजूला ठेवलेला टेप त्यांनी पुढ्यात पसरला होता आणि त्याच्या काठाने एकेक स्क्रू उभा मांडत होते. सर्वांत लांब डावीकडे, मग त्याहून तोकडा, मग त्याहून. डाव्या हाताच्या दोन बोटांत स्क्रू पकडायचा, तो निसटायचा, पुन्हा पकडायचा. कपाळावर घाम होता. मी अर्धवट फिरवलेला तो स्क्रू त्यांनी कसा कोण जाणे काढून घेतला होता आणि तो टेपच्या अगदी डावीकडे, सर्वांत लांबांमध्ये ठेवला होता.

मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या पोलक्याला टोचलेली सुई खुणेने मागितली. सुई त्यांनी पंख्याशेजारच्या भोकात सोडली, ती तळाशी टेकली तिथे नख धरलं, आणि बाहेर काढून मला दाखवली. खोली जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. मग तो लांब स्क्रू सुईशेजारी धरला. तो कितीतरी जास्त होता. तो पूर्ण फिरवला असता तर खालच्या हिरव्या पाटीत घुसला असता. त्यांनी बोटाने ती पाटी दाखवली, तिच्यावरच्या केसासारख्या बारीक रेघा दाखवल्या, आणि मग हाताने सगळं संपलं अशी खूण केली.

मला माझ्या लग्नानंतरचे दिवस आठवले. मी तेव्हा एकदा दुपारचा डबा घेऊन त्यांच्या क्लासात गेले होते आणि मागच्या बाकावर बसून राहिले होते. ते फळ्याकडे पाठ करून, असंच हातांनी, समजेपर्यंत दाखवत होते. मुलं कंटाळली होती, ते कंटाळले नव्हते.

मग आम्ही एकेक भोक सुईने मोजलं. मी सुई धरायची, ते नखाने खूण करायचे, मी टेपवरून जोडीचा स्क्रू उचलायची. 'हाच का' असं मी आता विचारत नव्हते. स्क्रू त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची आणि त्यांच्या हाताकडे बघायची. हात टेबलावर शांत राहिला की लावायचा, बोटं वर उचलली गेली की परत ठेवायचा. तोंडाने ते मध्ये मध्ये हाव म्हणत होते, नाही म्हणत होते. मी ते कानाआड केलं. वेळ फार गेला. माझी मान आखडली, त्यांचं शरीर उजवीकडे कलायला लागलं, मी उशी लावली. दोघंही इतके दमलो होतो की शेवटी शेवटी एकमेकांकडे बघतही नव्हतो, फक्त भोक आणि स्क्रू.

कीबोर्डाखालचं एक भोक रिकामं राहिलं. मी पुन्हा लोहचुंबक घेऊन खाली वाकणार, तर त्यांनी माझा खांदा धरून मला वर बसवलं. नको, राहू दे. रिबीन आत सरकवली, काळी पट्टी दाबली, कीबोर्ड बसवला. खालचे स्क्रू खाकी कागदावरून सुटून ज्याच्या त्याच्या जागी गेले, त्याला मात्र काहीच वेळ लागला नाही.

बटण त्यांनीच दाबलं. पडदा उजळला. आम्ही दोघंही कान लावून बसलो. घरघर नव्हती. कडेला हात धरला तर बारीक वारा येत होता, गरम पण मोकळा.

लॅपटॉप अजून चालतो. एक-दोन बटणं तेव्हापासून नीट दबत नाहीत, पण पत्त्यांना ती लागत नाहीत. मुलीने नवा पाठवायचं म्हटलं तेव्हा मी सांगितलं, सध्या राहू दे. ह्यांच्या बोलण्यात त्यानंतर काही फरक पडला असं नाही. मला वाटलं होतं पडेल, निदान त्या संध्याकाळी तरी वाटलं होतं. मीही काही शांत झाले नाही. अजूनही कधी कधी धुण्याच्या दगडावर जाऊन बसते. एवढं मात्र झालं की आता काही विचारलं की मी आधी त्यांच्या हाताकडे बघते.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. त्यांनी डाव लावला आणि मी ब्लाउज पूर्ण करायला मशीनकडे गेले, पण खुर्चीपर्यंत पोचलेच नाही. खाली चिंध्या पसरल्या होत्या, त्या गोळा करायला वाकले आणि तिथेच आडवी झाले. पाच मिनिटं पाठ टेकते म्हटलं. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. हे जागेवरच होते. पत्ते संपले होते, पडदा काळा झाला होता, आणि तरी त्यांनी मला हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या आळीतली एक बाई माप द्यायला आली. ती म्हणाली, मी कालच आली होती. दार लोटलेलं होतं, आत डोकावली तर तुम्ही खाली झोपलेल्या. मी आवाज देणार होती.

"पण दादांनं मले असं केलं," ती म्हणाली आणि तिने ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "मंग मी तशीच फिरली."